मजूरमंत्री डॉ. आंबेडकर : दिल्लीतील चार वर्षे

(राजधानी परिसरातील मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



निमंत्रणपत्रिकेवर आमच्या भाषणाचा विषय 'दलितांचे कैवारी डॉ. बाबासाहेब आंबेडकर' असा छापला आहे. विषय थोर आहे. पण या नावाखाली सभा भरली की काय होते, हे आपणास ठाऊक आहे. निम्मे लोक हा आपला विषय नव्हे असे समजून फिरकत नाहीत, आणि जे येतात त्यांना चवदार तळ्यापासून दीक्षाभूमीपर्यंतचे सारे चरित्र तोंडपाठ असते. म्हणून संयोजकांच्या संमतीने आम्ही आज त्या चरित्राचा एकच तुकडा घेणार आहोत. जुलै १९४२ ते जून १९४६ या काळात बाबासाहेब याच दिल्लीत हिंदुस्थान सरकारचे मजूरमंत्री होते. त्या चार वर्षांत त्यांनी जे केले, आणि जे त्यांना करता आले नाही, त्या दोहोंचा संबंध आपल्या हजेरीपटाशी, आपल्या ड्यूटीच्या तासांशी आणि युनियनच्या मान्यतेशी आहे.

खरे तर तेव्हा 'मंत्री' हा शब्द सरकारी कागदात नव्हता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे ते सभासद होते, खाते 'लेबर'. मराठी वर्तमानपत्रे त्यांना मजूरमंत्री म्हणत. आम्हीही तेच म्हणू.

पण दिल्लीला पोहोचण्याआधी वाटेत दोन स्टेशनांवर उतरले पाहिजे. दोन्ही आपल्या रेल्वेची आहेत.

पहिले स्टेशन सातारा जिल्ह्यातले मसूर. साल १९०१. भीमराव तेव्हा दहा वर्षांचे. वडील नोकरीच्या गावी होते, त्यांना भेटायला ही भावंडे आगगाडीने निघाली. अंगावर चांगले कपडे, हातात तिकिटे. गाडीतून उतरली तर न्यायला कोणी आलेले नाही. स्टेशन मास्तरांनी आपुलकीने विचारपूस केली. मुले महारांची आहेत हे कळताच त्यांचा चेहरा बदलला आणि ते आपल्या खोलीत निघून गेले. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवान मुलांना बसवून घेईना. शेवटी मास्तरांनीच तोड काढली. दुप्पट भाडे द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची, आणि गाडीवान बाजूने चालेल. तशी ती मुले गेली, आणि जवळ जेवण असूनही रात्रभर त्यांना प्यायला पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी हे पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. आम्हाला यात लक्षात ठेवण्यासारखे वाटते ते स्टेशन मास्तरांचे वागणे. तो गृहस्थ दुष्ट नव्हता. मुलांची सोय लावून देण्याइतका भला होता. विटाळ पाळणारा माणूस वाईटच असतो असे नाही, आणि म्हणूनच विटाळ इतका टिकतो.

दुसरे स्टेशन मनमाड. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी तेथे जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली आणि अध्यक्ष बाबासाहेब होते. त्यांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता, मुंबई असेंब्लीत त्या पक्षाचे आमदार बसत होते. मनमाडचे ते भाषण रेल्वेच्या प्रत्येक युनियन शाखेत एकदा तरी मोठ्याने वाचले पाहिजे. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यातले सूत्र सर्वांना माहीत असते. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात नव्हे, तर समता, स्वातंत्र्य आणि बंधुभाव नाकारणारी वृत्ती, आणि ती इतर जातींतही भरली आहे, हा त्यांचा खुलासा मात्र सोयीने गाळला जातो.

त्याहून मोलाचा भाग पुढे आहे, कारण तेथे ते तत्त्वज्ञान बाजूला ठेवून थेट आपल्या खात्यात शिरतात. रेल्वेत अस्पृश्य माणूस कुठे दिसतो? गँगमध्ये. गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच म्हातारा होतो. तो पोर्टर का होत नाही? पोर्टरच्या कामाला काही मोठी विद्या लागत नाही. पण त्या काळी पोर्टर म्हणजे स्टेशन मास्तरच्या घरचाही गडी. पाणी भरणार, बाजार आणणार, चुलीपर्यंत जाणार. मग मास्तर अस्पृश्याला पोर्टर कसा घेईल? मॅट्रिक झालेल्या मुलाला कारकुनी मिळत नाही. वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता येत नाही, कुली म्हणून राहायचे. मित्रहो, असा हिशोब त्या काळच्या रेल्वेच्या कोणत्या मागणीपत्रात होता? नियमावलीत कुठेही लिहिलेले नाही की पोर्टर अमुक जातीचा हवा. नियम स्वच्छ आहे. भरतीची गाठ मास्तरच्या स्वयंपाकघरात बसलेली आहे. जात नोकरीत कशी काम करते हे इतक्या थोडक्यात आणि इतक्या ओळखीच्या उदाहरणाने दुसऱ्या कोणी सांगितल्याचे आमच्या वाचनात नाही.

मुंबईच्या गिरण्यांत हेच वेगळ्या रूपात होते. विणाई खात्यात पगार जास्त, पण तेथे अस्पृश्यांना प्रवेश नाही, कारण धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला तेव्हा त्यांना तो आवडला नव्हता. संपात फूट पडेल ही भीती. मनमाडलाही त्यांच्यावर तोच आक्षेप होता की वेगळी परिषद भरवून तुम्ही कामगारांत फूट पाडता. त्यांचे उत्तर सरळ होते. फूट आम्ही पाडत नाही, ती आधीच पडलेली आहे. एक कामगार दुसऱ्या कामगाराचा हक्क स्वतःवरचे संकट मानतो, तो का मानतो याचे मूळ उपटा, म्हणजे एकी होईल. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला मुंबई सरकारच्या औद्योगिक तंटे विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, तेव्हा हेच बाबासाहेब कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते. फूट पाडणारा माणूस असे करीत नाही.

आता दिल्ली. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब मजूरमंत्री झाले. कार्यकारी मंडळात बसणारे ते पहिले अस्पृश्य. बंगला मिळाला २२, पृथ्वीराज रोड. सालाकडे लक्ष द्या. पुढच्याच महिन्यात 'छोडो भारत' सुरू झाले, रूळ उखडले गेले, तारा तुटल्या, टपाल कचेऱ्या पेटल्या, आणि आपले अनेक वडीलधारे तुरुंगात गेले. त्या वेळी बाबासाहेब सरकारात होते आणि त्या आंदोलनाच्या विरोधात होते. ही गोष्ट लपवून भाषण करण्यात अर्थ नाही. त्यांची भूमिका अशी की महायुद्धात हिटलर-जपानचा पराभव ही मजुरांची पहिली गरज आहे, आणि स्वराज्य येणार ते कोणाचे, हा प्रश्न दलितांनी विचारलाच पाहिजे. ही भूमिका कोणाला पटो न पटो. आम्ही एवढेच म्हणतो की सत्तेत जाऊन त्यांनी काय मिळवले याचा हिशोब वेगळा मांडावा लागतो.

मुंबईत काँग्रेस महासमितीची बैठक ज्या दिवशी सुरू झाली, त्याच ७ ऑगस्ट १९४२ रोजी नवी दिल्लीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली पहिली त्रिपक्षीय मजूर परिषद भरली. सरकार, मालक आणि कामगार एका टेबलाशी. त्याआधीच्या परिषदांत सरकारी अधिकारी जमत, मालकांना आणि कामगारांना वेगवेगळे भेटत. एका टेबलाशी बसवणे ही लहान गोष्ट नव्हे. बाबासाहेबांनी तिचे तीन हेतू सांगितले होते. देशभर मजूर कायदे सारखे असावेत, तंटे सोडवण्याची रीत ठरावी, आणि अखिल भारतीय महत्त्वाचा कोणताही मालक-मजूर प्रश्न तेथे मांडता यावा. हीच पुढे भारतीय श्रम परिषद झाली. तिचे ४६ वे अधिवेशन जुलै २०१५ मध्ये दिल्लीतच झाले आणि त्यानंतर दहा वर्षे ती भरली नाही. त्या दहा वर्षांत चार श्रम संहिता तयार झाल्या, संसदेत मंजूर झाल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागूही झाल्या. टेबल तेथेच होते. त्याभोवती कोणी बसले नाही.

तासांच्या प्रश्नावर थोडे सविस्तर बोलतो, कारण येथे बरेच चुकीचे छापले जाते. दर जयंतीला पत्रके निघतात की बाबासाहेबांनी १९४२ साली चौदा तासांचे आठ तास केले. श्रद्धा चांगली, पण युनियनच्या माणसाने तारीख आणि कलम बघून बोलावे. १९३४ च्या फॅक्टरी कायद्यात बारमाही कारखान्यासाठी आठवड्याला ५४ तास आणि दिवसाला १० तास ही मर्यादा होती. बाबासाहेबांच्या खात्याने दुरुस्ती आणली, ती एप्रिल १९४६ मध्ये मंजूर झाली आणि १ ऑगस्टपासून अमलात आली. आठवड्याचे तास ४८, दिवसाची मर्यादा ९. हंगामी कारखान्यांत ६० चे ५० झाले. आठवड्याचे सहा तास कमी! चौदाचे आठ या दंतकथेपेक्षा हा खरा आकडा आम्हाला मोठा वाटतो, कारण तो मालकांच्या विरोधातून कायद्यात उतरला आणि टिकला.

पण हा कायदा कारखान्यांचा. म्हणजे परळ-माटुंग्याच्या वर्कशॉपला लागू, लाइनवरच्या माणसाला नाही. स्टेशन मास्तर, गार्ड, पॉइंट्समन, गँगमन यांच्या तासांचा तंटा अखिल भारतीय रेल्वेमेन्स फेडरेशनने उभा केला होता. तो एप्रिल १९४६ मध्ये, म्हणजे बाबासाहेब खात्यात असतानाच, मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्याकडे निवाड्यासाठी सोपवला गेला. १९४७ च्या त्या निवाड्याने 'इंटेन्सिव्ह' कामाचा वेगळा वर्ग निर्माण केला. त्याला आठवड्याला ४५ तास, 'कंटिन्युअस'ला ५४. ज्या रोस्टरवरून आपण आजही कंट्रोलशी भांडतो त्याचे मूळ तेथे आहे. आणि टपालवाल्यांनो, जुलै १९४६ च्या तुमच्या गाजलेल्या संपाच्या वर्षी टपाल-तार खात्याचा तंटाही याच राजाध्यक्षांपुढे चालला. हे निवाडे भारत संरक्षण नियमांतील ८१-अ खाली होत. त्याच नियमाने नोटिशीशिवाय संप करण्यावर बंदीही आणली होती. एका हाताने निवाडा, दुसऱ्या हाताने लगाम, हे त्या युद्धकाळचे मजूर धोरण होते आणि मजूरमंत्री त्याचा भाग होते.

इतर कामांची नुसती यादी दिली तरी वेळ पुरणार नाही. प्रा. आडारकरांनी आरोग्य विम्याचा अहवाल १९४४ मध्ये दिला तो याच खात्याला, त्यातून १९४८ चा ईएसआय कायदा आला. कामगारांची राहणी आणि पगार तपासणारी रेगे समिती १९४४ ची. किमान वेतनाचे विधेयक बाबासाहेबांनी एप्रिल १९४६ मध्ये मांडले, त्याचा कायदा १९४८ मध्ये झाला. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचे जाळे, स्टँडिंग ऑर्डर्सचा कायदा, कोळसा खाण कामगारांचा कल्याण निधी हेही त्याच काळातले. दामोदर खोऱ्याच्या धरणांची आखणीही याच खात्यात झाली, पण तो निराळ्या भाषणाचा विषय आहे.

कोळसा खाणींचा एक प्रश्न मात्र सोडून जाता येत नाही, कारण तो अवघड आहे. १९३७ पासून जमिनीखाली बायकांना काम देण्यास बंदी होती. १९४३ मध्ये युद्धासाठी कोळसा कमी पडू लागला आणि सरकारने ती बंदी उठवली. देशभर टीका झाली. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती असेंब्लीत या निर्णयाचा बचाव करायला उभे राहिले कोण, तर मजूरमंत्री. त्यांनी सांगितले की ही तात्पुरती व्यवस्था आहे, आणि बायकांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल ही अट घातली आहे, समान कामाला समान दाम हे तत्त्व या उद्योगात पहिल्यांदा आले आहे. बोलण्याआधी, डिसेंबर १९४३ मध्ये, ते झरियाच्या खाणीत स्वतः खाली उतरून आले होते. बंदी पुन्हा लागू झाली फेब्रुवारी १९४६ पासून. आमचे मत विचाराल तर तो निर्णय योग्य नव्हता. पण समान मजुरीची अट खरी होती, आणि खाली उतरून पाहण्याचे कष्टही खरे होते. थोर माणसाचे चरित्र वाचायचे तर ही पानेही वाचावी लागतात. नाहीतर आपण चरित्र वाचत नाही, आरती म्हणतो.

आता युनियनच्या मान्यतेचा प्रश्न. नोव्हेंबर १९४३ मध्ये बाबासाहेबांनी ट्रेड युनियन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक असेंब्लीत मांडले. मुद्दा एकच. प्रातिनिधिक युनियनला मान्यता देणे मालकावर बंधनकारक, न दिल्यास शिक्षा. १९२६ च्या कायद्याने युनियनची नोंदणी होत होती, पण नोंदणी झाली म्हणून साहेबाने आपल्याला केबिनमध्ये बसवलेच पाहिजे असे नव्हते. मालकांनी विरोध केला, विधेयक रेंगाळले, १९४६ मध्ये ते पुन्हा मांडले गेले. बाबासाहेब गेल्यावर, जगजीवनराम मजूरमंत्री असताना, १९४७ मध्ये त्याचा कायदा झाला. आणि पुढे? तो कायदा कधीच अमलात आणला गेला नाही. मंजूर झाला, छापला गेला, आणि कपाटात राहिला. रेल्वेत आज आपण गुप्त मतदानाने मान्यता ठरवतो. २००७ मध्ये झाले, २०१३ मध्ये झाले, डिसेंबर २०२४ मध्ये झाले. त्या मतपेटीजवळ उभे राहताना किती जणांना आठवते की मान्यता ही साहेबाची मेहरबानी नसून कायद्याची सक्ती असावी, असे दिल्लीच्या असेंब्लीत सांगणारा मजूरमंत्री मनमाडच्या गँगमनचा पुढारी होता?

त्याच १९४३ च्या सप्टेंबरात दिल्लीत इंडियन फेडरेशन ऑफ लेबरने युनियन कार्यकर्त्यांचे अभ्यास शिबिर घेतले होते. १७ तारखेला समारोपाला बाबासाहेब गेले. मंत्री समारोपाला जातात तेव्हा काय बोलतात ते आपण पुष्कळ ऐकले आहे. यांनी मात्र कार्यकर्त्यांची शाळाच घेतली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. संसदीय लोकशाहीने स्वातंत्र्याचा पुष्कळ उदोउदो केला, पण समतेला हातही घातला नाही. करार करायला मालक आणि मजूर दोघे स्वतंत्र, असे म्हटल्याने बळी तो कान पिळी एवढेच झाले. मजुरांनी नुसत्या युनियनवर समाधान मानू नये, राज्यकारभार हाती घेण्याची तयारी करावी. आणि तयारी म्हणजे वाचन. रूसो, मार्क्सचा जाहीरनामा, मिलचा स्वातंत्र्यावरील ग्रंथ, आणि मजुरांच्या स्थितीवरचे पोप लिओ तेरावे यांचे पत्रक, ही चार पुस्तके त्यांनी नाव घेऊन सांगितली. मजूर हे वाचत नाही, जुन्या राजाराण्यांच्या खोट्या कथा वाचण्यात रमतो, अशी कानउघाडणीही केली. यादीकडे पाहा. मार्क्स आहे आणि पोपही आहे! मतभेद असलेल्या माणसाचेही वाचा, असे सांगणारा पुढारी युनियनला रोज मिळत नाही.

आता आरक्षणाचा प्रश्न. शाखेत यावर कुजबूज होते, सभेत कोणी बोलत नाही, म्हणून आम्ही बोलतो. ऑक्टोबर १९४२ मध्ये बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या तक्रारींचे सविस्तर निवेदन दिले. ऑगस्ट १९४३ मध्ये आदेश निघाला की मध्यवर्ती सरकारच्या सेवांत अनुसूचित जातींना ८⅓ टक्के जागा राखून ठेवाव्यात. जून १९४६ मध्ये त्याचे १२½ टक्के झाले. मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्त्या १९४४ पासून सुरू झाल्या. राज्यघटना यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. मनमाडच्या भाषणात प्रश्न होता, की नियमात बंदी नसताना अस्पृश्य पोर्टर का होत नाही. १९४३ चा आदेश हे त्याचे उत्तर होते. मास्तरचे स्वयंपाकघर बदलायला शंभर वर्षे लागतील, तोवर जागा राखून ठेवा. ज्यांना आरक्षण ही नंतरच्या राजकारणाची उपज वाटते त्यांनी हा क्रम लक्षात घ्यावा.

येथे आम्हाला एक जुने नाव आठवते. नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांचे सहकारी, गिरणी कामगारांचे पहिले पुढारी, १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवून देणारे. गिरणीत जाण्याआधी ते आधी रेल्वेत आणि मग टपाल खात्यात नोकरीला होते. म्हणजे तुमचे-आमचे जुने सहकारीच. सत्यशोधक आणि कामगार पुढारी या दोन गोष्टी त्यांच्या ठिकाणी वेगळ्या नव्हत्या. वेगळ्या नंतर झाल्या. आज पुष्कळ ठिकाणी १४ एप्रिलला एससी-एसटी असोसिएशनचा कार्यक्रम एका हॉलमध्ये असतो आणि १ मेला युनियनचा दुसऱ्या हॉलमध्ये. तोच गँगमन दोन्हीकडे जातो. बाकीचे एकाच ठिकाणी जातात.

मजूरमंत्रिपद जून १९४६ मध्ये संपले. पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. घटना समिती, ऑगस्ट १९४७ पासून मसुदा समितीचे अध्यक्षपद, कायदेमंत्रिपद, आणि हिंदू कोड बिल अडवले गेले तेव्हा सप्टेंबर १९५१ मधला राजीनामा. सरकारी बंगला सुटल्यावर ते सिव्हिल लाइन्सजवळ २६, अलीपूर रोड येथे राहायला आले. शेवटची पाच वर्षे तेथेच गेली. तेथे त्यांचे लिखाण टाइप करायला रोज संध्याकाळी नानकचंद रत्तू येत. पंजाबच्या होशियारपूरकडचे, दिवसभर सरकारी कचेरीत नोकरी करणारे कर्मचारी. दिवसाची ड्यूटी संपवून रात्रीपर्यंत टाइपरायटरवर. आपल्यापैकी जे आठ तासांनंतर शाखेच्या ऑफिसात बसतात त्यांना या माणसाची ओळख वेगळी करून द्यायला नको. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री बुद्धावरील ग्रंथाच्या प्रस्तावनेबरोबर दोन पत्रे टेबलावर ठेवून रत्तू घरी गेले. एक आचार्य अत्रे यांना, दुसरे एस. एम. जोशी यांना, नव्या रिपब्लिकन पक्षाविषयी. म्हणजे शेवटच्या रात्रीही दलितांच्या पक्षात बाकीच्यांना घेण्याचीच खटपट चालू होती. सकाळी बाबासाहेब गेलेले आढळले. ते एस. एम. म्हणजे ज्यांनी पुढे संरक्षण कामगारांच्या फेडरेशनचे नेतृत्व केले तेच. १९६० च्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संपात रेल्वे, टपाल आणि संरक्षण एकत्र उतरले होते, हे येथल्या वृद्ध सभासदांना सांगायला नको.

अलीपूर रोडच्या जागेवर आता राष्ट्रीय स्मारक आहे, एप्रिल २०१८ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. येलो लाइनच्या सिव्हिल लाइन्स स्टेशनवरून जाता येते. मुलांना घेऊन जरूर जा. पण जाण्याआधी महाराष्ट्र शासनाने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला त्यांच्या लेखन-भाषणांचा दहावा खंड एखाद्या शाखेने विकत घ्यावा. ही चार वर्षे त्यात सबंध आहेत.

आणि एक काम आहे. मनमाडचा हिशोब पुन्हा मांडायचा. गँगमनचे नाव बदलून ट्रॅक मेंटेनर झाले. पोर्टरच्या जागा आणि वर्कशॉपमधली मेकॅनिकची कामे रोस्टर रजिस्टरमुळे उघडली, हे खरे. पण रोस्टर कायम नोकरीला असते, ठेकेदाराच्या नोकरीला नसते. फलाट, डबे आणि रूळ साफ करणारे हात आज बहुतेक ठिकाणी ठेकेदाराचे आहेत. ते आपल्या युनियनचे मतदार नाहीत. टपालात ग्रामीण डाक सेवक खात्याची पिशवी वाहतो, खात्याचा शिक्का मारतो, पण खात्याचा नियमित नोकर गणला जात नाही. १९४३ मध्ये जे मिळाले ते कोणी रद्द केलेले नाही. ते ज्या नोकरीला चिकटले होते ती नोकरीच कमी होत चालली आहे.

म्हणून प्रत्येक शाखेने एक फुलस्केप कागद घ्यावा. डाव्या बाजूला कामे लिहावीत, अगदी सफाईपासून सुपरवायझरपर्यंत. समोर तीन रकाने. कायम किती, ठेक्यावर किती, आणि त्या ठेकेवाल्यांपैकी किती जणांचे नाव आपल्या शाखेतल्या एखाद्या माणसाला ठाऊक आहे. जात विचारायची गरज नाही, पहिल्या दोन रकान्यांवरून पुष्कळ कळते. हा कागद पुढच्या कार्यकारिणीपुढे ठेवावा आणि ठेका कामगारांच्या किमान वेतनाची, हजेरीकार्डाची आणि पीएफची मागणी आपल्या मागणीपत्रात पहिल्या पाचांत घालावी. आमच्या शाखेचा कागद आम्ही बरोबर आणला आहे. सफाईच्या ओळीत कायम नोकरांच्या रकान्यात दोन, ठेक्याच्या रकान्यात एकतीस. तिसऱ्या रकान्यात चार नावे होती, गेल्या महिन्यात ती अकरा झाली. ज्यांना नमुना पाहिजे त्यांनी सभा संपल्यावर चिटणीसांकडून घ्यावा, झेरॉक्स प्रती पुष्कळ काढल्या आहेत.